प्रभूच्या प्रार्थनेतली 'ती' ओळ गाळली तर चालते का?

वाडीवाली (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. इथे बरेच ख्रिस्ती सभासद आहेत हे माहीत आहे, म्हणून विचारते. बाकीच्यांनीही लिहा, पण कृपा करून धर्मांतराच्या वादात धागा वाहून नेऊ नका.

आम्ही वसईचे, कॅथलिक. माझी आत्या सत्तरीच्या पुढची आहे. रविवारी मिस्सा चुकवत नाही, घरी रोज संध्याकाळी रोझरी. पण चर्चमध्ये सगळे मिळून प्रभूची (म्हणजे येशूने शिकवलेली) प्रार्थना म्हणतात ना, त्यात 'आम्हाला क्षमा कर' याच्या पुढे "जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो" ही ओळ आली की आत्या गप्प होते. आधीच्या ओळी खणखणीत म्हणते. त्या ओळीला ओठ मिटतात, चष्मा काढून पदराला पुसते, आणि पुढची ओळ सुरू झाली की परत सगळ्यांबरोबर. मी लहान असताना वाटायचं की चष्म्यावर घाम येत असेल. आता कळतं.

कारण जमीन. आजोबांची वाडी होती, विहीर, केळी, सोनचाफा. तिला दुय्यम निबंधकाकडे नेऊन एका कागदावर सही घेतली. सांगितलं की सोसायटीच्या कर्जासाठी लागते. ते हक्कसोडपत्र होतं. पुढे वाडीचा मोठा तुकडा विकला गेला, तिथे आता चार मजली इमारत आहे. आत्याला एक पैसाही मिळाला नाही.

आमच्या पॅरिशमधल्या एका बाईंनी तिला टोकलं, "ओळ गाळलीस तर सगळी प्रार्थनाच फुकट." आत्या म्हणाली, "देवासमोर खोटं बोलू का?" मला दोन्ही पटतं. तुम्हाला काय वाटतं?

चहाटळ
पहिला! 😄 (आता वाचतो.)

नगरकर_जुना
वाडीवाली ताई, चांगला धागा. आम्ही नगरचे प्रोटेस्टंट. आमच्याकडेही ही प्रार्थना उपासनेत सगळी मंडळी एका आवाजात म्हणते, पण कोण कुठे थांबतं याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. आता जाणार आणि उपासनेवरून लक्ष उडणार. 😀

शास्त्राप्रमाणे बघाल तर बाई बरोबर बोलल्या, असं मला वाटतं. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात येशूने प्रार्थना शिकवली आणि ती संपल्यावर लगेच त्यातल्या एकाच गोष्टीवर परत बोलला. भाकरीवर नाही, राज्यावर नाही, मोहावर नाही. क्षमेवर. तुम्ही लोकांना क्षमा केली नाही तर पिताही तुम्हाला करणार नाही, इतकं सरळ. मार्कातही आहे, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध मनात काही असेल तर आधी क्षमा करा. यात पळवाट नाही.

निरीश्वर
म्हणजे हा करार झाला. तू सोड, मग मी सोडतो. प्रार्थना कमी, व्यवहार जास्त. आत्या निदान करारावर न वाचता सही करत नाहीयेत. एकदा केली होती, त्याचं फळ भोगतायत.

चहाटळ
@निरीश्वर कडक! आत्या जिंदाबाद.

सेमिनरी_सोडलेला
आयडी वरून कळलंच असेल, मी पुण्यात फादर व्हायला गेलो होतो आणि अर्ध्यात परत आलो. तेव्हाचं वाचलेलं अजून डोक्यात आहे, कधीतरी कामाला येतं.

आत्याला सांगा, ती पहिली नाही. जॉन कॅसियन नावाचा संन्यासी होता. इजिप्तच्या वाळवंटातल्या मठवासीयांकडे राहून आला आणि पुढे दक्षिण फ्रान्समध्ये, मार्सेला मठ काढले. इ. स. ४२० च्या दशकात त्याने लिहून ठेवलंय की चर्चमध्ये सगळे लोक मिळून ही प्रार्थना म्हणतात तेव्हा काही जण नेमकी ही ओळ गुपचूप गाळतात. आपल्याच तोंडाने आपण आपल्याला बांधून घेऊ, अशी त्यांना भीती वाटते. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वीही कोणीतरी चष्मा पुसत होतं (चष्मे नव्हते, पण तुम्ही समजून घ्या).

कॅसियन त्यांच्यावर चिडलाय. म्हणतो, न्यायाधीशासमोर असल्या युक्त्या चालत नाहीत. पण मला ते लोक आवडतात. त्यांना त्या ओळीचा अर्थ कळला होता. आपण बाकीचे घडाघडा म्हणून टाकतो, त्यातल्या किती जणांना कळतो?

वाडीवाली
@सेमिनरी_सोडलेला हे मी आत्याला आजच सांगते. खूश होईल. थोडी. 🙂

इंदूरी_पोहे
मी इंदूरचा मराठी, ख्रिस्ती नाही. पण आमच्या बाजूची एक गोष्ट इथे लिहायलाच हवी.

सिस्टर राणी मारिया केरळच्या होत्या. उदयनगर भागात भूमिहीन आदिवासींना सावकारांपासून सोडवायचं काम करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला त्यांना बसमध्ये भोसकून मारलं. मारणारा समुंदर सिंग, तरुण पोरगा, दुसऱ्यांच्या चिथावणीने गेलेला. त्याला जन्मठेप झाली. पुढे राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तीही ननच, २००२ च्या राखीपौर्णिमेला तुरुंगात गेली आणि त्याला राखी बांधली. नंतर त्यांची आईसुद्धा केरळहून आली आणि त्याला भेटली. त्याची सुटका व्हावी म्हणून घरच्यांनी आणि त्यांच्या संघाने प्रयत्न केले, २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा तो कार्यक्रमाला हजर होता.

खुनाला क्षमा होते, मग जमीन काय मोठी? (आत्यांचा अनादर करायचा नाही, खरंच विचारतोय.)

लेकीचीआई
@इंदूरी_पोहे, सिस्टर सेल्मींबद्दल मनापासून आदर आहे. पण "खुनाला होते मग जमीन काय" हे वाक्य जपून वापरा. याच वाक्याचा दांडका करून बायकांना मारतात.

मी लिहिणार नव्हते, पण आता लिहिते. माझा नवरा मारायचा. मी पाळकांकडे गेले (कुठले, कुठल्या चर्चचे, ते सांगणार नाही, गरज नाही). त्यांनी पवित्र शास्त्र उघडलं आणि वाचलं ते काय, तर सातांच्या सत्तर वेळा क्षमा कर. मी मोजायला लागले होते, अक्षरशः. कॅलेंडरवर फुल्या. त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली आणि घरी पाठवलं. त्या रात्री परत तेच.

शेवटी मावशीकडे गेले, पोलिसांत तक्रार दिली, लेक माझ्याकडे आहे. मंडळीतल्या काही जणींनी बोलणं टाकलं, कारण मी "क्षमा केली नाही". मी काय केलं ते मला माहीत आहे. क्षमा करायची म्हणजे परत त्याच घरात जायचं, तक्रार मागे घ्यायची, असं शास्त्रात कुठे लिहिलंय ते कोणीतरी दाखवा.

नगरकर_जुना
@लेकीचीआई ताई, कुठेच लिहिलेलं नाही. तुम्हाला परत पाठवणाऱ्या पाळकाने ते वचन ज्यासाठी आहे त्याच्या उलट वापरलं. लूकच्या सतराव्या अध्यायात तर स्पष्ट आहे, भावाने अपराध केला तर त्याला खडसाव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. खडसावणं आधी येतं. ते आम्ही वडीलमंडळी सोयीस्करपणे वाचत नाही.

लेकीचीआई
धन्यवाद नगरकर काका.

सांगलीची_हळद
ग्लॅडिस स्टेन्स यांचं उदाहरण इथे बसतं. २२-२३ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशात मनोहरपूरला त्यांचे यजमान ग्रॅहम आणि दोन मुलगे गाडीत झोपले होते, जमावाने गाडी पेटवली. फिलिप १० वर्षांचा, टिमोथी ६. बाई म्हणाल्या, मी क्षमा केली आहे. आणि खटला? तो चालला, दारा सिंगला शिक्षा झाली, फाशीची जन्मठेप झाली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. क्षमा केली म्हणून खटला मागे घ्या, असं कोणी म्हटलं नाही, त्याही म्हणाल्या नाहीत. त्या पुढे काही वर्षं बारिपदाला कुष्ठरुग्णांचं काम बघत राहिल्या.

अवांतर: मी जैन. आमच्याकडे संवत्सरीला "मिच्छामि दुक्कडम" म्हणतो. फरक बघा, आम्ही क्षमा मागतो. आणि ज्याचं खरंच काही बिघडवलंय त्याला सोडून बाकी सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवतो.

चहाटळ
माझ्या जुन्या भागीदाराने मला दरवर्षी पाठवलाय, फुलांच्या चित्रासकट. सव्वा लाख मात्र पाठवले नाहीत.

सांगलीची_हळद
@चहाटळ तो मीच नाही ना? 😂

लँकेस्टर_रोड
मी पेनसिल्व्हेनियात राहतो. इथून थोड्या अंतरावर आमिश लोकांची वस्ती आहे, घोडागाडीवाले, वीज न वापरणारे. २ ऑक्टोबर २००६ ला निकेल माइन्स इथल्या त्यांच्या एका खोलीच्या शाळेत बाहेरचा एक माणूस बंदूक घेऊन शिरला. दहा मुलींना गोळ्या घातल्या, पाच गेल्या, मग स्वतःला मारून घेतलं. त्याच संध्याकाळी आमिश माणसं त्याच्या बायकोच्या घरी गेली, तिचं सांत्वन करायला. त्याच्या दफनालाही आली. जगभरातून मदतीचे पैसे आले त्यातला काही वाटा त्या विधवेला आणि तिच्या पोरांना दिला.

पत्रकार विचारून विचारून थकले की इतक्या लवकर कसं जमलं. त्यांचं उत्तर होतं की रोज प्रार्थनेत म्हणतो ना, आम्ही क्षमा नाही केली तर आम्हाला मिळणार नाही. म्हणजे निरीश्वर ज्याला करार म्हणतोय तो त्यांनी शब्दशः धरला. मला हे अजूनही थोडं भीतीदायक वाटतं, खरं सांगतो.

निरीश्वर
@लँकेस्टर_रोड, त्यात एक गोष्ट आहे, बोलू का? मारणारा मेला होता. मेलेल्या माणसाला क्षमा करणं आणि दर रविवारी दोन बाकं सोडून बसणाऱ्याला करणं, यात फरक आहे.

वाडीवाली
@निरीश्वर एक बाक सोडून.

पिंपरीचा_मल्लू
नमस्कार, मी मल्याळी, जन्म पिंपरीत, त्यामुळे मराठीत चुका असतील तर क्षमा करा (विषयाला धरून 😄).

आमच्या सिरियन चर्चमध्ये ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास सुरू होतो त्या पहिल्या सोमवारी 'शुबकोनो' असते, समेटाची प्रार्थना. अच्चन (आमचे फादर) आधी लोकांसमोर स्वतः गुडघे टेकून क्षमा मागतात. मग लोक एकमेकांना. सासू सुनेला, चेअरमन सेक्रेटरीला. लहानपणी मला हसू यायचं. एकदा आमच्या बाजूच्या दोन अंकलांची पार्किंगवरून मारामारी झाली होती, त्यांना समोरासमोर यावं लागलं. दोघंही एकमेकांच्या खांद्याच्या वरून भिंतीकडे बघत शब्द पुटपुटले. गाडी आजही तिथेच लावतात. तरी दोघं आले, हेही काही कमी नाही.

चहाटळ
पुण्यात पार्किंगला क्षमा नाही. कुठल्याच धर्मात.

संपादक
विषयाला धरून राहावे ही विनंती. (पार्किंगबाबत सहमत.)

सेमिनरी_सोडलेला
नगरकर काकांनी लूक काढलाच आहे, तर मत्तयाचा अठरावा अध्याय घेऊ. राजा एका चाकराचं दहा हजार तालांतांचं कर्ज माफ करतो. तोच चाकर बाहेर येऊन शंभर दिनार देणं असलेल्या सोबत्याचा गळा धरतो. तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. म्हणजे पहिल्याचं कर्ज सहा कोटी दिवसांचं, दुसऱ्याचं शंभर दिवसांचं.

चहाटळ
रोजगार हमीवर लावला तर एक लाख चौसष्ट हजार वर्षं. रविवारची सुट्टी न धरता.

सेमिनरी_सोडलेला
@चहाटळ हिशोब बरोबर. प्रवचनात एवढाच भाग सांगतात, की देवाने तुझं सहा कोटींचं सोडलं, तू शंभराचं सोड. पण गोष्ट नीट वाचा. पहिला चाकर पाया पडतो, मुदत मागतो. दुसराही पाया पडतो, मुदत मागतो. कर्ज आहे हे दोघंही कबूल करतात. "कसलं कर्ज? तूच सही केली होतीस ना?" असं म्हणणारा त्या गोष्टीत कोणीच नाही.

लेकीचीआई
अगदी. पण वधस्तंभावरचं काय? तिथे कोणी मागितली नव्हती.

मी त्यावर खूप विचार केलाय, कारण मला ते सारखं ऐकवलं जायचं. येशू तिथे "मी तुम्हाला क्षमा करतो" असं म्हणत नाही. म्हणतो, हे बापा, यांना क्षमा कर. पित्याला सांगतो. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन, त्याला दगड मारतात तेव्हा तोही तसंच, प्रभो, हे पाप यांच्याकडे मोजू नकोस. इतर ठिकाणी येशू लोकांना तोंडावर सांगतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. पण खिळे ठोकले जात असताना त्याने ते वर सोपवलं. याचा पंडित लोक काय अर्थ लावतात ते मला ठाऊक नाही. मला त्यातून एवढंच मिळालं की माझ्याने होत नाही तेव्हा मी "तूच बघ याचं" म्हणू शकते. आत्यांना हे चालेल का बघा. ओळ गाळण्याऐवजी तिथे मनात एवढंच म्हणायचं.

वाडीवाली
@लेकीचीआई हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. आत्याला सांगेन. तुम्ही लिहिलंत म्हणून खूप आभार.

सातबारा
धागा आज बघितला. मी जमिनीच्या कागदांचं काम करतो, धर्माचं काही कळत नाही. दोन गोष्टी.

एक, ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागतो. मृत्युपत्र नसेल तर मुलगा-मुलगी समान वाटेकरी. म्हणजे आत्यांचा हक्क कोणाच्या मेहेरबानीचा नव्हता. दोन, फसवून हक्कसोडपत्र घेतलं असेल तर ते रद्द करायला दिवाणी दावा लागतो आणि मुदत कळल्यापासून तीन वर्षं. ती गेली असणार.

एक विचारतो, हक्कसोडपत्र कोणाच्या नावे झालं? धाग्यात कुठे दिसलं नाही. "सही घेतली" आहे, "विकला गेला" आहे. कर्ता कुठाय?

चहाटळ
सातबारा साहेबांनी व्याकरण काढलं. 🍿

वाडीवाली
कोणीतरी विचारणार हे माहीत होतं.

पप्पांच्या नावे. माझे पप्पा. आत्याचा धाकटा भाऊ.

ज्या फ्लॅटमधून हे लिहितेय तो त्याच इमारतीत आहे. माझं शिक्षण त्याच पैशातून झालं. आत्याने मला एका शब्दाने कधी बोलून दाखवलं नाही, सणाला फुगे (आमच्याकडचा तळलेला पदार्थ) करून माझ्यासाठी डबा पाठवते. पप्पांशी मात्र बोलत नाही.

आणि पप्पा चर्चमध्ये वाचन करतात. ती ओळ ते सगळ्यात मोठ्याने म्हणतात. प्रभूची प्रार्थना झाली की शांतीचं चिन्ह असतं, सगळे आजूबाजूला वळून हात जोडतात. पप्पा मागे वळून आत्याच्या दिशेने हात जोडतात. आत्या तेव्हा वेदीकडे बघत असते. लोकांना दिसतं ते एवढंच, की भाऊ हात जोडतो आणि बहीण वळत नाही.

लँकेस्टर_रोड
बाप रे.

इंदूरी_पोहे
माझं वरचं "जमीन काय मोठी" मागे घेतो. चित्र पूर्ण नव्हतं.

नगरकर_जुना
वाडीवाली, बेटा, आता प्रश्नच बदलला. आपण इतका वेळ आत्यांच्या ओळीवर बोलतोय.

माझे आजोबा खेड्यात पाळक होते. प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात ते घरोघर फिरायचे, कोणाचं कोणाशी वाजलंय ते बघायला. आजी सांगायची की ज्याच्यावर अन्याय झालाय त्याच्या घरी ते आधी जायचेच नाहीत. ज्याने केलाय त्याच्याकडे जायचे आणि त्याच्या ओट्यावर बसून राहायचे. चहा नको म्हणायचे. बांध सरकवलेला असेल तर बांध परत जागेवर घेऊन यायचे, मग दुसऱ्या घरी.

सेमिनरी_सोडलेला
काकांच्या आजोबांना मत्तयाचा पाचवा अध्याय पाठ असणार. प्रभूची प्रार्थना सहाव्या अध्यायात आहे. त्याच प्रवचनात, त्याच्या आधी, पाचव्यात (२३-२४) हे येतं. तू वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये.

"तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध" नाही. "त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध." म्हणजे उठून जायचंय ते ज्याने दुखावलंय त्याने. आणि ऐकणारे लोक गालीलातले. वेदी यरुशलेमात, एकच. चालत तीन-चार दिवसांची वाट. वेदीपाशी पोचलेल्या माणसाला येशू सांगतोय की बकरं तिथे सोड, घरी जा, भाऊबंदाशी मिटव, परत ये. आपल्याकडे तर एक बाक सोडून जायचंय.

पहिल्या ख्रिस्ती मंडळीने हे मनावर घेतलं होतं. 'डिडाखे' म्हणून फार जुनी शिकवण आहे, तिच्यात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा असं सांगितलंय, आणि पुढे हेही की ज्याचं सोबत्याशी भांडण आहे त्याने मिटवल्याशिवाय तुमच्यात येऊ नये. आणि जक्कय आठवा, झाडावर चढलेला जकातदार. तो "मला माफ करा" एवढंच म्हणून थांबला नाही. ज्यांचं लुबाडलं त्यांना चौपट परत देतो म्हणाला.

माझं मत विचाराल तर आत्याची गप्प ओळ राहू द्या. पप्पांच्या मोठ्या आवाजाची काळजी करा.

निरीश्वर
हे आवडलं. इतकी वर्षं प्रवचनं ऐकून पाचवा अध्याय कोणालाच ऐकू आला नाही?

नगरकर_जुना
@निरीश्वर येतो ऐकू. लग्नात वाचतात तो भाग नाही, म्हणून विसरतो.

पिंपरीचा_मल्लू
वाडीवाली ताई, फादरांशी बोललात का?

वाडीवाली
फादर नवीन आहेत, तीन-चार वर्षांनी बदलतात. आधीच्यांनी आत्यालाच समजावलं होतं. पप्पांना कोणी काही म्हणत नाही, देणगीच्या यादीत नाव वर असतं.

वाडीवाली
(दोन दिवसांनी) काल जेवताना पप्पांना विचारलं. सरळ. आत्याचं काय करायचं म्हणून.

मला वाटलं होतं ओरडतील. शांतपणे भात कालवत म्हणाले, "मी तिला कधीच माफ केलंय."

चहाटळ
😐

लेकीचीआई
हे मी हजारदा ऐकलंय. आवाजसुद्धा कसा असेल ते माहीत आहे.

सांगलीची_हळद
कशाबद्दल माफ केलं, ते विचारलंत का?

वाडीवाली
@सांगलीची_हळद विचारलं. म्हणाले, इतकी वर्षं चारचौघांत अपमान करते त्याबद्दल. मग मम्मी बोलली. मम्मी या विषयावर कधी बोलत नाही. म्हणाली, "ती ओळ तुम्ही म्हणता तेव्हा मला तिच्याकडे बघवत नाही." पप्पा ताट घेऊन उठले.

नगरकर_जुना
तुमच्या मम्मींना माझा नमस्कार.

लँकेस्टर_रोड
माझाही.

वाडीवाली
(चार-पाच दिवसांनी) @सातबारा, एक विचारायचं आहे. विहिरीकडचा एक तुकडा अजून पप्पांच्या नावावर आहे, विकलेला नाही. आज सकाळी पेपर वाचता वाचता मला म्हणाले, तिच्या नावावर करायचं तर खर्च किती येतो ते बघ. हा होकार आहे की खर्चाचं निमित्त करून नाही म्हणायची तयारी, मला अजून कळलेलं नाही. आत्याला काहीच सांगितलेलं नाही. किती येतो?

सातबारा
बक्षीसपत्र करावं लागेल. दोनशे रुपयांत होतं असं लोक सांगतात, ते नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांच्यासाठी. बहिणीला ती सवलत नाही, मुद्रांक शुल्क तीन टक्के, रेडीरेकनरच्या (सरकारी दरांच्या) मूल्यांकनावर. शहरी भागात वर अधिभार असू शकतो. नोंदणी फी वेगळी. गट नंबर आणि क्षेत्र मला व्यनि (खाजगी निरोप) करा, अंदाज काढून देतो. सातबाऱ्यावर अजून कोणाचा बोजा नाही ना, ते बघून घ्या. आणि आत्यांना आधी विचारा. बक्षीसपत्राला घेणाऱ्याची स्वीकृती लागते, देणाऱ्याने एकट्याने करून भागत नाही.

वाडीवाली
ती नाही म्हणाली तर?

सातबारा
तर होत नाही. त्यांना घरी जाऊन विचारा, आणि शक्यतो तुम्ही नाही, पप्पांना पाठवा. हो म्हणाल्या तर दोघांचं आधार, पॅन, फोटो आणि दोन साक्षीदार. या वेळी कागद त्यांना आधी वाचायला द्या, चष्म्यासकट.